स्टार ट्रेक बघायचंय? मग पहिल्या भागापासून सुरू करू नका

माझा भाचा अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, आत्या, तू एवढं स्टार ट्रेक स्टार ट्रेक करतेस म्हणून मी दोन एपिसोड बघितले, मला तर झोप आली. कुठले बघितलेस विचारलं तर म्हणे पहिला आणि दुसरा, आणखी कुठले बघणार. मला फार वाईट वाटलं, कारण त्याची काही चूक नव्हती, कुठलीही सिरियल माणूस पहिल्या भागापासूनच लावतो, पण ही तशी बघायची नसते आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री मी एका वहीच्या मागच्या पानावर यादी लिहिली. गेले चार महिने ती घरातल्या तीन अगदी वेगवेगळ्या माणसांवर वापरून बघितली, खोडली, वरखाली केली, आणि आता ती ज्याला हवी त्याला देतेय.

मी बोलतेय ती जुनी, सगळ्यात पहिली स्टार ट्रेक, जीन रॉडनबेरीने काढलेली, एंटरप्राइज नावाचं अंतराळात फिरणारं जहाज आणि त्यावरच्या माणसांच्या गोष्टी सांगणारी. अमेरिकेत एनबीसी चॅनेलवर 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली आणि 3 जून 1969 ला शेवटचा भाग लागला. तीन सीझन, 29, 26 आणि 24, म्हणजे एकूण 79 भाग, एकेक साधारण 50 मिनिटांचा, सगळे बघायचे म्हटले तर 65 तासांच्या आसपास जातात. नंतर त्याच नावाच्या पुष्कळ सिरियल आल्या, सिनेमे आले, ते सध्या बाजूला ठेवा. आमच्या पिढीने ही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर बघितली, रविवारी सकाळी. इंदूरला रामबागेत आमच्या घरी शेजारची चार पोरं येऊन बसायची, आई पोह्यांच्या बशा फिरवायची, आणि वीज गेली की गोष्ट अर्धीच राहायची. अशा अर्ध्या राहिलेल्या काही गोष्टींचे शेवट मला वीस-पंचवीस वर्षांनी कळले.

आता मुद्द्याचं. आजच्या सिरियलसारखी ही एक लांबलचक गोष्ट नाहीये. जहाज तेच, माणसं तीच, पण प्रत्येक भाग स्वतंत्र, मागच्या आठवड्यात काय झालं त्याचा या आठवड्याशी जवळजवळ संबंध नाही. दोन भागांत विभागलेली गोष्ट सगळ्या 79 मध्ये एकच आहे, द मेनाजरी. म्हणून कुठूनही उचललं तरी बिघडत नाही. आणि जो क्रम आपल्याला दिसतो तो काही शूटिंगचा क्रम नाही, चॅनेलने तयार असलेल्या भागांतून निवडून तो लावला होता. पहिला लावला द मॅन ट्रॅप, त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा प्राणी आहे, भीतीची सरळ गोष्ट. तिसरा लागलेला व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर हा तर खरं म्हणजे त्याच्या कितीतरी आधी केलेला पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायला केलेला नमुन्याचा भाग, त्यात कपडे वेगळे, डॉक्टर दुसराच कोणी, जहाजावरच्या उहुरा या अधिकारी बाईचा पत्ता नाही, आणि शांत म्हणून ओळखला जाणारा स्पॉक चक्क ओरडतो. आधीचे दोन बघून कोणी हा लावला तर त्याला वाटणारच की आपण चुकून भलतंच काही लावलं. भाचा तिथवर पोचला नाही ते बरंच झालं.

मग निवडायचं कशावरून? मला एक कसोटी सापडली आहे, जरा उशिराच सापडली, पण आता मी तीच लावते. या सिरियलचा जीव जहाजात नाही, परग्रहांतही नाही, तो तीन माणसांत आहे. कॅप्टन कर्क म्हणजे विल्यम शॅटनर, स्पॉक म्हणजे लिओनार्ड निमॉय, डॉक्टर मॅकॉय म्हणजे डीफॉरेस्ट केली. स्पॉक अर्धा व्हल्कन नावाच्या ग्रहावरचा, अर्धा माणूस, सगळं तर्काने बघतो. मॅकॉय तापट, माणुसकीच्या बाजूने भांडणारा. आणि दोघांचं ऐकून निर्णय घ्यायचा तो कर्कने. तर कसोटी अशी की ज्या भागात स्पॉक आणि मॅकॉय भांडतात आणि दोघांचंही बरोबर असतं, तो बघायचा. ज्यात भांडणच नाही, नुसती पळापळ आणि मारामारी आहे, किंवा कोण चूक ते पहिल्या मिनिटाला कळतं, तो मागे ठेवायचा. उदाहरण सांगते. द गॅलिलिओ सेव्हनमध्ये सात जण एका छोट्या यानातून अनोळखी ग्रहावर पडतात, यान परत उडवायचं तर वजन कमी करावं लागणार, म्हणजे तिघांना मागे सोडावं लागणार, आणि तिथे मुख्य आहे स्पॉक. तो हिशोब करतो. बाकीच्यांना तो हिशोब सहन होत नाही. आता यात कोणाला खोटं ठरवाल? आमच्याकडे हा भाग संपल्यावर तासभर वाद चालला होता, भाऊ स्पॉकच्या बाजूने, वहिनी मॅकॉयच्या, आणि जेवण गार झालं.

हे आधी कसं कळणार म्हणाल तर त्याला एक साधा उपाय आहे. सुरुवातीला नावं यायच्या आधी तीन-चार मिनिटांचा तुकडा असतो, तो आणि त्यानंतरची दहा मिनिटं बघा. एवढ्या वेळात दोन शहाणी माणसं एकमेकांशी मनापासून असहमत झाली नाहीत तर बंद करून दुसरा लावा. पंधरा मिनिटं गेली, पस्तीस वाचली.

आता पहिल्या तीन संध्याकाळी. यात मी पुष्कळ फेरफार करून बघितलेत आणि आता ठाम आहे.

पहिला लावायचा द डेव्हिल इन द डार्क, मार्च 1967 चा. एका ग्रहावर खाण आहे, खाणीत काहीतरी कामगारांना मारतंय, आणि आपल्या लोकांना बोलावलंय त्याचा बंदोबस्त करायला. इतकंच सांगते, पुढचं कोणाकडून ऐकू नका आणि वाचूही नका. तो प्राणी बघून आधी हसू येईल, कोणीतरी गालिचा पांघरून सरपटतंय असं वाटेल, येऊ द्या हसू. शेवटी त्याच प्राण्याकडे बघून तुम्हाला काय वाटतं ते बघा, ही सिरियल कशासाठी केली होती ते तिथे कळतं. माझा भाचा, ज्याला झोप आली होती तोच, हा भाग संपल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, आत्या, असे अजून आहेत का.

दुसरा बॅलन्स ऑफ टेरर, डिसेंबर 1966. पाणबुड्यांच्या लढाईसारखी गोष्ट आहे, दोन जहाजं एकमेकांना शोधताहेत, वाट बघताहेत, कोणी आवाज करत नाही. रोम्युलन नावाचा शत्रू इथे पहिल्यांदा येतो, ज्याचा चेहरा त्याआधी कोणी बघितलेलाच नसतो. चेहरा दिसतो तेव्हा कर्कच्या जहाजात काय होतं याच्याकडे लक्ष द्या, कारण खरी लढाई त्या खोलीत आहे. आणि शत्रूचा कमांडर इतका चांगला माणूस आहे की शेवटाकडे आपलं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ते काम मार्क लेनार्डने केलंय, नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

तिसऱ्या दिवशी हसायचं. द ट्रबल विथ ट्रिबल्स, डिसेंबर 1967, डेव्हिड जेरल्डने लिहिलेला. गोंडस केसाळ गोळे आहेत, ते खातात आणि वाढतात, खातात आणि वाढतात, एवढीच गोष्ट. तिसऱ्या दिवशीच का, तर तोपर्यंत माणसांची ओळख झालेली असते आणि या भागातली गंमत ओळखीच्या माणसांची आहे. चीफ इंजिनियर स्कॉटी कशावरून मारामारी करतो ते पहिल्या दिवशी बघितलं तर हसू येणार नाही, तिसऱ्या दिवशी बाबा खुर्चीतून पुढे झुकून हसले.

इथे एक चूक बहुतेक लोक करतात, म्हणून जरा थांबून सांगते. सर्वोत्तम भागांची कुठलीही यादी काढा, सगळ्यात वर बहुधा द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर असणार. एप्रिल 1967, हार्लन एलिसनने लिहिलेला, जोन कॉलिन्स आहे त्यात, त्याला 1968 चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कारही मिळाला. तो सर्वोत्तम आहेच, त्यात वाद नाही. पण म्हणून लोक नवीन माणसाला तोच पहिला दाखवतात आणि तो वाया जातो. कर्कवर जे येतं ते आपल्याला लागावं यासाठी आधी कर्क आपला असावा लागतो, तो हसताना, चुकताना, जहाजासाठी जीव टाकताना आपण बघितलेला असावा लागतो. मी हा भाग आठव्याच्या आधी कोणाला लावू देत नाही. आणि लावला की त्या रात्री दुसरं काही लावायचं नाही. भावाला मी हट्टाने थांबवलं होतं, तो चिडला पण, मग बघितल्यावर गच्चीवर जाऊन एकटाच उभा राहिला.

तिसऱ्या दिवसानंतर मात्र एकच यादी सगळ्यांना चालत नाही, माणूस बघून निवडावं लागतं. माझे बाबा 81 वर्षांचे आहेत, इंदूरच्या मराठी माणसाचं नाटकाचं वेड त्यांच्यात पुरेपूर आहे, इंग्रजी वाचतात पण भराभर बोललेलं कळत नाही. मला वाटलं होतं त्यांना हे कागदी दगड आणि लाल आकाश बघून कंटाळा येईल. झालं उलटंच. दोन भाग झाल्यावर म्हणाले, अगं हे तर नाटक आहे, तीन सेट, सहा पात्रं, सगळं संवादावर. आणि ते खरंच आहे, पैसा कमी होता म्हणून बऱ्याच गोष्टी जहाजातल्या जहाजात घडतात. माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उमटतात ती ट्रान्सपोर्टरची युक्तीसुद्धा दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणार नाही म्हणून काढलेली आहे. यातून निवडायची अजून एक खूण मिळते, जे भाग जहाजाबाहेर फार जात नाहीत ते बहुतेक चांगले निघतात, कारण तिथे लेखकाला संवादावरच सगळं तोलून धरावं लागतं. द कॉर्बोमाइट मनूव्हर बघा, जवळजवळ सगळा एका खोलीत आहे, समोर एक प्रचंड गोळा येऊन उभा राहतो आणि कर्ककडे त्याला द्यायला काहीच नसतं, पत्त्यांत लोक मारतात तशी थाप सोडून.

नाटकवाल्यांसाठी तर जोडीने बघायचे दोन भाग आहेत, दोन्ही दुसऱ्या सीझनमधले. अमॉक टाइम, थिओडोर स्टर्जनने लिहिलेला, त्यात स्पॉक पहिल्यांदा आपल्या ग्रहावर जातो, आणि कारण काय तर सातव्या वर्षी ठरवून ठेवलेलं लग्न. बाबा म्हणाले, म्हणजे हे आमच्या आजीच्या वेळचंच झालं की. चार बोटांची दोन-दोनात फाक करून केलेली ती व्हल्कनांची खूण याच भागात पहिल्यांदा येते, निमॉयने लहानपणी ज्यूंच्या प्रार्थनास्थळात आशीर्वाद देताना बघितलेली मुद्रा तिथे वापरली होती. दुसरा जर्नी टू बेबल. स्पॉकचे आईवडील जहाजावर येतात. वडील मुलाशी 18 वर्षं बोललेले नाहीत, कारण त्याने त्यांनी ठरवलेली विज्ञानाची संस्था सोडून ही नोकरी धरली. वडलांचं काम कोण करतंय, तर तोच मार्क लेनार्ड, बॅलन्स ऑफ टेररमधला शत्रू. म्हणून मी तो आधी बघायला सांगितला. हा भाग बघताना आमच्या घरात कोणी काही बोललं नाही, आमच्याकडे पण इंजिनियरिंग सोडलेला एक काका आहे.

भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला मी द अल्टिमेट कॉम्प्युटर दिला, मार्च 1968 चा. जहाजावर एम-5 नावाचा कॉम्प्युटर बसवतात, जो कॅप्टनशिवाय सगळं चालवू शकतो, आणि कर्कला कळत नाही की आपली आता गरज आहे की नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या डॉ. डेस्ट्रॉमचं काम विल्यम मार्शल या कृष्णवर्णीय नटाने केलंय, 1968 मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर जगातला सगळ्यात हुशार कॉम्प्युटरवाला कृष्णवर्णीय दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती. भावाने तो दोन दिवसांत दोनदा बघितला. सोबत अ टेस्ट ऑफ आर्मागेडन पण बघा, दोन ग्रहांचं 500 वर्षं युद्ध चालू आहे पण एक इमारत पडलेली नाही, सगळी लढाई कॉम्प्युटरवर चालते आणि तो सांगतो आज कोण मेलं, मग ती माणसं रांगेत उभी राहून खरोखर मरायला जातात. व्हिएतनामच्या काळातला भाग आहे हे लक्षात ठेवून बघितला की अजून बोचतो.

शाळा-कॉलेजच्या पोरांना जरा हालचाल लागते. त्यांना अरीना द्या, त्यात सरड्यासारख्या गॉर्नशी कर्कला एकट्याने लढायचंय, हत्यार काही नाही, आजूबाजूला जे सापडेल ते घ्यायचं. तो काय काय गोळा करतो ते बघून केमिस्ट्रीवाल्या पोराने शेवट आधीच ओळखायचा, भाच्याने ओळखला आणि तो दिवसभर ऐटीत होता. मग द डूम्सडे मशीन, ग्रह खाणारं यंत्र आणि आपलं सगळं जहाज गमावून बसलेला एक कमोडोर. आणि मिरर, मिरर, जिथे आपले चार जण अशा जगात जातात जिथे हेच जहाज, हीच माणसं, पण सगळी क्रूर, आणि स्पॉकला दाढी आहे. मिरर, मिरर पहिल्या पाचांत अजिबात बघू नका, मूळ माणसं नीट माहीत असल्याशिवाय त्यांची उलटी रूपं बघण्यात काय मजा.

आपल्याकडच्या माणसाला खास दाखवावा असा एक भाग आहे, स्पेस सीड. शेकडो वर्षं झोपलेल्या माणसांनी भरलेलं जहाज सापडतं, त्यांचा पुढारी जागा होतो, नाव खान नूनियन सिंग. जहाजावरची इतिहासाची अभ्यासक त्याला बघून म्हणते की हा उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. काम केलंय मेक्सिकोच्या रिकार्दो मॉन्टालबानने, आणि ते इतकं भारी केलंय की 1982 मध्ये त्याच्या पुढच्या गोष्टीचा अख्खा सिनेमा निघाला. बाबांनी विचारलं होतं की 1966-67 ला अमेरिकेत हिंदुस्थानी माणसाला असा राजासारखा कोण दाखवत होतं, आणि तो प्रश्न बरोबर आहे. जहाजावरचेच लोक बघा ना, उहुरा कृष्णवर्णीय बाई, तीही अधिकारी, सुलू जपानी वंशाचा, आणि दुसऱ्या सीझनपासून ऐन शीतयुद्धात रशियन चेकॉव्ह. निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर उहुराचं काम सोडणार होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगनी त्यांना थांबवलं, हे त्यांनी स्वतः पुष्कळदा सांगितलंय.

द केजचं काय करायचं हे मला सगळे विचारतात, कारण बऱ्याच ठिकाणी तो यादीत अगदी पहिला दिसतो. तो सगळ्यात जुना पायलट, त्यात कर्क नाही, कॅप्टन पाइक आहे, जेफ्री हंटर. चॅनेलने तो नाकारला आणि दुसरा पायलट करायला लावला. नंतर पहिल्या सीझनमध्ये वेळेत नवे भाग तयार होईनात तेव्हा त्याच फिल्मचे तुकडे वापरून, भोवती नवीन गोष्ट गुंफून द मेनाजरीचे दोन भाग केले, त्यालाही ह्यूगो मिळाला. तर द मेनाजरी बघा, दहा-बारा भाग झाल्यावर, ओळीने दोन रात्री. द केज वेगळा बघायची गरज नाही, फार आवडलंच तर नंतर.

लेखकांची नावं वाचायची सवय लावून घ्या, सुरुवातीला पडद्यावर येतात. जीन कून दिसलं की बसून घ्या, डेव्हिल इन द डार्क त्यांचा, क्लिंगॉन नावाचे शत्रू पहिल्यांदा येतात तो एरंड ऑफ मर्सी त्यांचा, अरीना आणि स्पेस सीडमध्ये त्यांचा हात. डी. सी. फॉन्टाना दिसलं तरी बसा, डोरोथी नाव होतं त्यांचं, जर्नी टू बेबल त्यांनी लिहिला, अल्टिमेट कॉम्प्युटरची पटकथाही त्यांची. घरातली नाती, बापलेक, एकटेपणा हे त्यांच्यासारखं या सिरियलमध्ये कोणी लिहिलं नाही असं माझं मत आहे. जेरोम बिक्स्बी, रिचर्ड मॅथसन, नॉर्मन स्पिनरॅड हे मुळात विज्ञानकथा लिहिणारे लोक, त्यांचे भाग पण निवडा. पण नावावरही डोळे मिटून जाऊ नका. कूननी ली क्रोनिन या टोपणनावाने पण लिहिलंय, आणि त्याच नावावर स्पॉक्स ब्रेन आहे.

त्यावरून तिसरा सीझन. दुसऱ्या सीझनच्या शेवटाला सिरियल बंद पडेल अशी भीती होती, तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिम्बल या नवराबायकोने प्रेक्षकांकडून पत्रांची मोहीम चालवली. तिसरा सीझन मिळाला, पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरुण मंडळी घरी नसतात, पैसे कमी केले, आणि रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले. सीझनचा पहिलाच भाग स्पॉक्स ब्रेन, त्यात खरोखर स्पॉकचा मेंदू चोरीला जातो, पुढचं विचारू नका. म्हणून लोक सरसकट सांगतात की तिसरा सीझन सोडा. मला हे पटत नाही. कसोटी लावली तर पाच-सहा भाग सहज निघतात. द थोलियन वेबमध्ये कर्क हरवलेला आहे आणि मागे राहिलेत स्पॉक आणि मॅकॉय, मध्ये निवाडा करायला कोणीच नाही, मी सांगतेय ते भांडण सगळ्यात नागडं तिथेच दिसतं. द एंटरप्राइज इन्सिडेंट फॉन्टानांचा, हेरगिरीचा, समोर रोम्युलन कमांडर एक बाई. डे ऑफ द डव्ह क्लिंगॉनांचा. स्पेक्टर ऑफ द गनमध्ये पैशांअभावी गावाच्या नुसत्या दर्शनी भिंती आहेत, मागे लाल आभाळ, आणि त्या अर्धवटपणानेच ते गाव भीतीदायक झालंय. लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड जरा ठळक आहे, सांगायचं ते ओरडून सांगतो, तरी घरात मुलं असतील तर जरूर लावा, दोन माणसं अर्धी काळी अर्धी पांढरी, एकमेकांचा जीव घ्यायला निघालेली. दोघांत फरक काय आहे ते मुलांना आधी ओळखायला सांगा. आमच्या घरात त्यावरून जातीपर्यंत गोष्ट गेली आणि जायलाच हवी होती.

सोडायचे कुठले ते पटकन सांगते. अँड द चिल्ड्रन शॅल लीड, द वे टू ईडन, दुसऱ्या सीझनमधला दि ओमेगा ग्लोरी, आणि शेवटचा टर्नअबाउट इंट्रूडर, ज्यात बाई कॅप्टन होऊ शकत नाही असं धरून चाललंय, उहुरा त्याच जहाजावर असताना. मुलींना पहिल्यांदा दाखवत असाल तर मड्स विमेनही नको. दि एनिमी विदिन हा मॅथसनचा भाग मला फार आवडतो, ट्रान्सपोर्टर बिघडून कर्कचे दोन कर्क होतात, पण त्यात जहाजावरच्या एका बाईवर झडप घालण्याचा प्रसंग आहे आणि शेवटी तिच्याशी जे बोललं जातं ते आज ऐकवत नाही, तेव्हा लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघून ठरवा. मी भाच्याला दाखवला, नंतर त्यावर बोललो.

आता बघताना लागणाऱ्या चार गोष्टी. भाग नंबरावरून शोधू नका, नावावरून शोधा, कारण द केज मोजला की नाही यावर सगळे नंबर एकाने सरकतात. भागाखाली दोन ओळींची माहिती असते ती वाचू नका, त्यात बऱ्याचदा अर्धी गोष्ट फोडलेली असते. 2006 पासून नवीन केलेली आवृत्ती आली, त्यात जहाज, ग्रह, स्फोट कॉम्प्युटरवर पुन्हा बनवलेत, माणसं आणि अभिनय तेच. पोरांना ती द्या, त्यांचं लक्ष खेळण्यातल्या जहाजाकडे जात नाही, पण डूम्सडे मशीन मी जुन्या रूपातच बघते, ते जुनं ओबडधोबड यंत्र मला जास्त भयंकर वाटतं. सबटायटल लावा, इंग्रजी चांगलं असलं तरी लावा, मॅकॉय भराभर बोलतो आणि स्कॉटीचे उच्चार वेगळे आहेत. बाबांसाठी मी दर दहा मिनिटांनी थांबवून मराठीत सांगते, पन्नास मिनिटांच्या भागाला सव्वा तास लागतो, आणि त्या थांबण्यातच निम्म्या गप्पा होतात.

आणि एका रात्रीत एकच. ही सिरियल आठवड्याला एक अशी बघायला केलेली आहे, ओळीने चार लावले की तेच संगीत, तेच हादरे, तोच कर्कचा फाटलेला शर्ट नजरेत भरायला लागतो आणि भागातला प्रश्न डोक्यात मुरायला वेळ मिळत नाही. आमचं असं ठरलंय की शनिवारी रात्री जेवण लवकर, एक भाग, आणि मग ज्याला यायचं तो सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात उभं राहून स्पॉकचं बरोबर की मॅकॉयचं हे भांडण फार चांगलं चालतं.

शेवट कुठे करायचा तेही आपल्या हातात ठेवा. शेवटचा लागलेला टर्नअबाउट इंट्रूडर मी वर सोडायलाच सांगितलाय, त्याच्या आधीचा ऑल अवर यस्टरडेज हा आपला शेवटचा धरा. मार्च 1969 मधला, जीन लिझेट अरोएस्ट यांनी लिहिलेला, त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथपाल होत्या, आणि गोष्ट घडते ती एका ग्रंथालयात. सूर्य फुटायच्या बेतात आहे, ग्रहावर एकही माणूस उरलेला नाही, फक्त एक म्हातारा ग्रंथपाल, आणि बाकीचे सगळे कुठे गेले ते त्या ग्रंथालयात ठेवलंय. स्पॉक आणि मॅकॉय बर्फात अडकतात, दोघंच. इतके भाग त्यांची भांडणं बघितल्यावर तिथे स्पॉक जे वागतो ते बघवत नाही. बाबांनी बघितला, भावाने बघितला. भाच्याचा राहिलाय, परीक्षा संपली की येणार आहे, तोपर्यंत घरात त्याच्यासमोर कोणी त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.